पाहुण्याला कुठल्या बाकावर बसवायचं?

चेन्नईच्या दक्षिणेला, जुन्या महाबलिपुरम रस्त्यावर पेरुंगुडी आहे. एका अंगाला पल्लिकरणैची दलदल, जिची २०२२ साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत नोंद झाली. त्याच दलदलीच्या काठावर शहरानं वर्षानुवर्षं आणून ओतलेला कचरा. आणि रस्त्याच्या बाजूला काचेच्या भिंतींच्या उंच इमारती, ज्यांत सकाळी शिरलेली माणसं रात्री बाहेर पडतात. २०११ साली हा भाग चेन्नई महापालिकेत आला. इथल्या लिफ्टमध्ये तेलुगू, बंगाली, हिंदी आणि अधूनमधून मराठीही ऐकू येते. त्याच इमारती बांधायला आलेल्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांत ओडिया आणि भोजपुरी. अशा ठिकाणच्या एखाद्या खासगी माध्यमिक शाळेनं पालकांना पत्र पाठवलं आहे असं धरून चालू. पुढच्या वर्षी नववी ते अकरावीच्या वर्गात एक परदेशी विद्यार्थी दहा महिन्यांसाठी यायचा आहे, शाळा त्याची फी घेणार नाही, त्याला आपल्या घरी ठेवून घेईल असं कुटुंब हवं आहे. या पत्रावर एका मराठी घरात वहिनी आणि भावोजी यांच्यात जो वाद होईल तो इथे मांडला आहे. दोघंही कल्पित आहेत. मात्र दोघांच्या तोंडी जे घातलं आहे त्याचा पुरावा कल्पित नाही. माझं मत वहिनींच्या बाजूनं झुकलेलं आहे हे आधीच सांगून टाकतो. तरीही वाद जिथे भावोजींनी जिंकला तिथे तो त्यांनीच जिंकला आहे.

भावोजी : वहिनी, पत्र वाचलं. मला एवढंच सांगा, चेन्नईत येऊन तो मुलगा आपल्याकडे राहणार म्हणजे काय करणार? तमिळनाडू बघायला आलेल्या पोराला आपण आमटी-भात आणि थालीपीठ खायला घालणार, घरात मराठी बोलणार, आणि वर्षभरानं तो परत जाऊन सांगणार की तमिळ लोक असे असतात. आपलेच पाय इथे अजून नीट टेकलेले नाहीत. आपण कुणाचं यजमानपद करायचं?

वहिनी : तुमचा पहिलाच प्रश्न चांगला आहे, म्हणून त्याला आधी उत्तर देते. बाहेरून आलेल्या मुलाला बाहेरून आलेल्या घरानं सांभाळणं ही या प्रांतात नवी गोष्ट नाही. आपलाच तंजावरचा सरफोजी घ्या. राज्यावरच्या वादात जिवाला धोका होता म्हणून १७९३च्या सुमारास, वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी, त्याला मद्रासला आणून ठेवलं. ठेवलं कुणी, तर श्वार्ट्झ नावाच्या प्रशियात जन्मलेल्या पाद्र्यानं. आणि शिकवलं गेरिक नावाच्या दुसऱ्या जर्मन पाद्र्यानं. तमिळ मुलखातला मराठी राजपुत्र, जर्मन गुरू, इंग्रजांचं शहर. तोच मुलगा पुढे तंजावरला परत गेल्यावर त्यानं ग्रंथालय वाढवलं, अनेक भाषांच्या शाळा काढल्या, ओरत्तनाडूच्या मुक्तांबा छत्रात मुलांच्या फुकट शिक्षणाची आणि जेवणाची सोय केली. जे त्याला परक्यांच्या घरात मिळालं ते त्यानं आपल्या मुलखात वाटलं.

भावोजी : आणि १७९९ साली त्याच सरफोजीनं तंजावरचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केला. पाहुण्याला कोण ठेवून घेतो आणि कशासाठी ठेवून घेतो, हे तुमच्याच उदाहरणात दिसतं.

वहिनींनी इथे हार मानायला हरकत नव्हती, आणि त्यांनी अर्धी मानलीही. सरफोजी हा देवाणघेवाणीतला विद्यार्थी नव्हता, राजकारणातला आश्रित होता. शाळकरी मुलांना एका देशातून दुसऱ्या देशात, एखाद्या घरात वर्षभर ठेवण्याची पद्धत खूप नंतरची. नीसच्या रोटरी क्लबनं १९२७ मध्ये युरोपातल्या युरोपात ती सुरू केली असं रोटरी सांगते. दुसऱ्या महायुद्धानंतर तिला बळ मिळालं ते अमेरिकन फील्ड सर्व्हिसच्या रुग्णवाहिका चालवणाऱ्या स्वयंसेवकांमुळे. ज्यांनी दोन युद्धांत जखमी उचलले, त्यांनी १९४६-४७ मध्ये दहा देशांतली पन्नासेक मुलं अमेरिकेतल्या शाळांत आणली. ११ सप्टेंबर २००१च्या हल्ल्यानंतर अमेरिकन संसदेनं मुस्लिम लोकसंख्या मोठी असलेल्या देशांतल्या शाळकरी मुलांसाठी केनेडी-लुगर कार्यक्रम उभा केला. त्यातून भारतातली मुलंही संपूर्ण शिष्यवृत्तीवर तिकडे जातात. म्हणजे या सगळ्याची सुरुवात पर्यटनातून झालेली नाही. लोक एकमेकांना मारून दमले, किंवा मारतील अशी धास्ती वाटू लागली, तेव्हा तेव्हा मोठ्या माणसांनी मुलांना दुसऱ्याच्या घरात पाठवलं. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली की भावोजींचा पुढचा आक्षेप अधिक टोकदार होतो.

भावोजी : ठीक आहे, उद्देश उदात्त. पण परिणाम काय? गोरा मुलगा आला की आपल्या शाळा काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. गळ्यात हार, कपाळाला कुंकू, मुख्याध्यापकांच्या शेजारी खुर्ची, गॅदरिंगला वेष्टी नेसवून स्टेजवर उभा. दहा महिने तो प्रमुख पाहुणाच राहतो. आणि काळा मुलगा आला तर? २०१६ साली बंगळुरूत टांझानियाच्या विद्यार्थिनीला जमावानं मारहाण केली. २०१७ साली ग्रेटर नोएडात आफ्रिकन विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. ही मुलं भारतात शिकायलाच आली होती ना? परदेशी विद्यार्थी जवळ आले म्हणजे माणसं सुधारतात, याला आधार काय?

वहिनी : आधार आहे, पण तुम्ही समजता तसा सरसकट नाही. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच लिहून ठेवलं आहे की नुसती गाठ पडली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाही. दोन्ही बाजूंचा दर्जा सारखा हवा, काम एक हवं, ते मिळून करायला हवं, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा पाठिंबा हवा. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप या संशोधकांनी २००६ मध्ये पाचशे पंधरा अभ्यास एकत्र करून पाहिले. गाठीभेटींनी पूर्वग्रह साधारणपणे उतरतो आणि ऑलपोर्टच्या अटी पाळल्या तिथे अधिक उतरतो, असं त्यांना दिसलं. आता तुमची उदाहरणं या अटींवर तपासा. ग्रेटर नोएडातले आफ्रिकन विद्यार्थी कुणाबरोबर काय करत होते? भाड्याच्या खोलीत राहत होते. शेजाऱ्यांशी संबंध घरभाड्याचा आणि कुजबुजीचा. एकत्र काम नाही, सारखा दर्जा नाही, महाविद्यालयाचं गेटाबाहेर लक्ष नाही. हार घातलेल्या गोऱ्या मुलाचंही तेच, फक्त उलट्या दिशेनं. दोघेही वर्गाबाहेरच राहिले.

भावोजी : परदेशी पुस्तकं परदेशी मुलांवर. आपल्याकडचं सांगा.

वहिनी : सांगते. २००७ नंतर दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांना गरीब घरातली मुलं आपल्याच वर्गांत घ्यावी लागली. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञानं त्या शाळांत तपासणी केली. २०१९ मध्ये त्यांचा निबंध आला. ज्या वर्गांत गरीब मुलं होती तिथली श्रीमंत मुलं दानधर्माच्या कामाला अधिक तयार झाली. रिले शर्यतीत साथीदार निवडताना गरीब पण जोरात पळणाऱ्या मुलाला डावलण्याचं प्रमाण कमी झालं. गुणांवर फारसा परिणाम नाही. इंग्रजीत किंचित घट, आणि शिव्यांसारखी वर्गातली बेशिस्त थोडी वाढली. पालकांना जी भीती असते ती अगदीच खोटी नव्हती, पण तिच्या तुलनेत मिळालं खूप. दुसरा अभ्यास मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाचा. त्यांनी उत्तर प्रदेशातल्या गावांत तरुणांचे क्रिकेट सामने भरवले. काहींना वेगवेगळ्या जातींच्या मिश्र संघात घातलं, काहींना इतर जातींच्या संघांविरुद्ध खेळवलं. एकाच संघात खेळलेल्यांत जातीपलीकडच्या मैत्र्या वाढल्या. विरुद्ध खेळलेल्यांत तसं झालं नाही, काही बाबतींत उलट झालं. म्हणून म्हणते, पाहुण्या मुलाला स्टेजवर उभं करू नका. कबड्डीच्या संघात घ्या, विज्ञानाच्या प्रयोगात जोडीदार द्या, शौचालयाच्या स्वच्छतेची पाळी त्यालाही लावा.

भारतातल्या शाळेत परदेशी मुलाच्या आगमनाची चर्चा होते ती बहुधा त्याच्या फायद्याच्या भाषेत: त्याला भारत कळेल, आपली संस्कृती कळेल, योग कळेल. वहिनींनी दिल्लीचा पुरावा दिला त्यातून उलटी दिशा दिसते. तिथे बदल मोजला गेला तो आधीपासून बसलेल्या मुलांमध्ये. एक पाहुणा आणि चाळीस यजमान असं प्रमाण असेल, तर शाळेनं विचार चाळिसांचा करायला हवा. पाहुण्याचं वर्ष बरं गेलं की वाईट, हे त्याची संस्था पाहील. वर्गातल्या चाळीस मुलांना एका अनोळखी माणसाबरोबर नीट काम करता आलं का, हे पाहायला दुसरं कुणी नाही. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ पासून युनायटेड वर्ल्ड कॉलेजांपैकी एक, महिंद्रा कॉलेज, चालतं. तिथे डझनावारी देशांची मुलं टेकडीवरच्या एकाच आवारात राहतात आणि आजूबाजूच्या गावांत सेवाकार्यही करतात. ते काम मोलाचं आहे, पण पेरुंगुडीच्या शाळेनं त्याची नक्कल करण्यात अर्थ नाही. तिथे सगळेच पाहुणे आहेत. इथे एकच असणार आहे. म्हणूनच इथला प्रश्न वेगळा, आणि माझ्या मते जास्त अवघड आहे.

पुण्यातलं आणखी एक उदाहरण वहिनींनी दिलं असतं तर मला आवडलं असतं. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. मॉरिशसच्या एका विद्यार्थ्याला कावीळ झाली. एक विद्यार्थिनी चोरून खिडकीतून त्याला जेवण देत होती, हे त्यांना दिसलं. त्यातून १९७१ साली सिंबायोसिस उभी राहिली, ती परदेशी विद्यार्थ्यांच्या सोयीसाठी. आज त्या संस्थेचा व्याप पाहता ती सुरुवात विसरली जाते. तेव्हा पुण्यात कायदा, व्हिसा, प्रवेश सगळं झालेलं होतं. आजारी पडल्यावर ताटात काय वाढायचं आणि ते कुणी वाढायचं, एवढंच ठरलेलं नव्हतं.

भावोजी : मग कायद्यापासूनच सुरुवात करा. मुलगा अल्पवयीन. आपल्या घरी परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत फॉर्म सी ऑनलाइन भरायचा. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्यानं चौदा दिवसांत परदेशी नोंदणी कार्यालयात नोंद करायची. शाळेनं वेगळी माहिती द्यायची. १९४६चा परदेशी नागरिक कायदा जाऊन २०२५ मध्ये नवा आला, त्यातही शाळा-महाविद्यालयांवर ही जबाबदारी आहेच. एक तारीख चुकली तर उत्तर कुणी द्यायचं, आपण का मुख्याध्यापकांनी? आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा २०१२चा पोक्सो कायदा. एका घरात परकं अल्पवयीन मूल दहा महिने. ते मूल काही बोललं, किंवा आपलं मूल त्याच्याबद्दल काही बोललं, तर?

वहिनी : ती भीती मी उडवून लावणार नाही. म्हणूनच दहा महिने एकाच घरी ठेवायला माझा विरोध आहे. रोटरीत साधारण तीन घरं बदलतात, त्यामागे शहाणपण आहे. एक घर वाईट निघालं तर मूल तिथे अडकत नाही, आणि चांगलं घर दमत नाही. यजमान कुटुंबाची पडताळणी संस्थेनं करायची, त्या कुटुंबातल्या प्रत्येक प्रौढाची. शाळेत एक शिक्षक ठरवायचा, जो यजमान घराशी कुठल्याही नात्यानं जोडलेला नाही. मुलानं दर आठवड्याला त्याला एकट्याला भेटायचं. फॉर्म सीची तारीख हा सगळ्यांत सोपा भाग आहे. अवघड आहे ते हे दर आठवड्याचं भेटणं, कारण आपल्या शाळांना कुठल्याच मुलाशी दर आठवड्याला एकट्यानं बोलायची सवय नाही.

भावोजी : बोर्डाच्या वर्षात ही सवय लावणार?

वहिनी : नाही. सीबीएसईचा नववी-दहावीचा आणि अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचा असतो. दहावी-बारावीत पाहुण्याला ठेवणं म्हणजे त्याच्यावर आणि वर्गावर अन्याय. नववी किंवा अकरावी. त्याला बोर्डाची परीक्षा नसणार, त्याच्या गुणांनी शाळेचा निकाल हलणार नाही. खरं तर ती सोयच आहे. ज्या मुलाच्या गुणांची शाळेला फिकीर नाही, त्याच्याशी शिक्षक कसे वागतात हे एकदा तरी दिसेल.

इथपर्यंत वहिनी वरचढ आहेत. पण पुढचा आक्षेप आला तेव्हा त्यांना आपला बेत बदलावा लागला, आणि लेखाचा खरा मुद्दा तिथूनच सुरू होतो.

भावोजी : एक सांगा वहिनी. बाहेरून आलेल्या अनोळखी मुलाबरोबर काम करायला शिकवायचं असेल तर ते मूल विमानानं यायला हवं का? ते समोरच्या बांधकामावर आहे. त्याचे आईबाप ओडिशातल्या गंजामहून नाहीतर बिहारमधल्या सीतामढीहून आलेत. तमिळ त्याला येत नाही, इंग्रजीही येत नाही. तुमच्या ऑलपोर्टचा सगळा प्रयोग रस्ता ओलांडून करता येतो. पण त्या मुलासाठी शाळेनं कधी पत्र काढलं नाही, आणि आपण कधी त्याला तीन महिने घरी ठेवायला निघालो नाही. गोऱ्या मुलासाठी फी माफ, या मुलाला गेटावर पहारेकरी. याला तुम्ही माणुसकीचं शिक्षण म्हणता?

वहिनी : (थांबून) नाही म्हणता येणार.

भावोजी : आणि कायदाही बघा. शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्क्यांच्या तरतुदीनं खासगी शाळेत आलेलं गरीब मूल आठवीपर्यंतच फुकट शिकतं. नववीत त्यानं पूर्ण फी भरायची, नाहीतर दुसरी शाळा शोधायची. परदेशी पाहुणा कधी येतो? नववीत! म्हणजे ज्या वर्षी शाळा इथल्या मुलाची माफी काढून घेते, त्याच वर्षी ती दुसऱ्या देशातल्या मुलाला माफी देते.

या मुद्द्याला उत्तर शोधताना दोन सोप्या पळवाटा आहेत. एक म्हणजे ‘दोन्ही करू या’ असं म्हणून मोकळं होणं. तसं म्हणणाऱ्या शाळा नेहमी दुसरं करायचं विसरतात. दुसरी पळवाट पाहुण्याला नकार देण्याची. पण पाहुणा आला नाही म्हणून बांधकामावरच्या मुलासाठी वर्गाचं दार उघडल्याचं मी कुठे पाहिलेलं नाही. नकारातून वाचलेली फी त्याच्याकडे वळत नाही, ती शाळेकडेच राहते. तेव्हा प्रश्न असा विचारायला हवा: परदेशी विद्यार्थी नीट सांभाळायला शाळेला ज्या गोष्टी उभाराव्या लागतात, त्यांतल्या कोणत्या गोष्टी ओडिया मुलालाही लागतात? पाहुणा उतरायच्या आधीच मुलाला वाचायला येणारी आणि न येणारी भाषा कोणती याची नोंद. तमिळ न येणाऱ्यासाठी सुरुवातीच्या महिन्यांचा वेगळा वर्ग. आठवड्याला एकदा त्याच्याशी एकट्यानं बोलणारा शिक्षक. त्याच्या जुन्या शाळेतला अभ्यास आणि इथला अभ्यास यांची तुलना. परीक्षेत काही काळ सवलत. यादी जशीच्या तशी जुळते. फरक इतकाच की परदेशी मुलासाठी त्याची संस्था हे सगळं लेखी मागते आणि शाळा देते, ओडिया मुलासाठी मागणारं कुणी नसतं.

हे केवळ मनातले मांडे नाहीत. केरळमध्ये एर्नाकुलम जिल्ह्यात २०१७ साली ‘रोशनी’ प्रकल्प सुरू झाला. स्थलांतरित मजुरांची मुलं सरकारी शाळांतून गळत होती, म्हणून त्यांची भाषा येणारे स्वयंसेवक वर्गात आणले. मुलांची घरची भाषा आणि मल्याळम यांच्यात ये-जा करत शिकवलं. तमिळनाडू सरकारनंही अलीकडे सरकारी शाळांत स्थलांतरित मुलांना तमिळ शिकवण्याचा कार्यक्रम हाती घेतला आहे. मुंबई महापालिका तर कित्येक दशकं आठ माध्यमांतून शाळा चालवते. धारावीत आलेल्या तमिळ मुलाला मुंबईत तमिळ माध्यमाची शाळा मिळाली. चेन्नईत आलेल्या मराठी मुलाला मराठी माध्यमाची शाळा मिळत नाही, आणि मिळावी असा माझा हट्टही नाही. तमिळनाडूनं १९६८ पासून दोन भाषांचं धोरण ठेवलं आहे आणि २००६च्या कायद्यानं टप्प्याटप्प्यानं दहावीपर्यंत तमिळ सक्तीची केली, ते त्या राज्याचं ठरवणं आहे. पण ज्या मुलाला तमिळ शिकायचंच आहे त्याला ती शिकवण्याची सोय हवी, एवढी अपेक्षा वाजवी आहे. मराठी अभियंत्याच्या मुलाला ट्यूशन लावता येते. मजुराच्या मुलाला येत नाही. परदेशी मुलाला शाळा लावून देते.

वहिनी : भावोजी, मग माझं म्हणणं असं बदलते. पाहुण्याला ठेवून घ्यायचं, पण शाळेला अट घालून. त्याच्यासाठी जो तमिळचा वर्ग सुरू होईल तो शाळेनंतर, आणि परिसरातल्या तमिळ न येणाऱ्या कुठल्याही मुलाला खुला. आपल्या मुलीलाही त्यात पाठवू. तीन वर्षं झाली, तिला भाजीवाल्याशी धड बोलता येत नाही. आणि पाहुण्याला जेवढ्या फीची माफी, तेवढीच माफी आठवीतून नववीत जाणाऱ्या २५ टक्क्यांतल्या एका मुलाला. त्या मुलाला आणि पाहुण्याला एकाच वर्गात, एकाच प्रयोगाच्या गटात ठेवायचं. पाहुण्याला श्रीमंतांच्या टोळक्यात बसवलं तर तो आपल्यालाच आरसा दाखवून परत जाईल.

भावोजी : शाळा ऐकेल असं तुम्हाला वाटतं?

वहिनी : शाळेला पाहुणा हवा आहे. माहितीपत्रकात फोटो छापायचा आहे, ब्रिटिश कौन्सिलच्या इंटरनॅशनल स्कूल अवॉर्डसारख्या गोष्टींचं आकर्षण आहे. तो फोटो मिळायला यजमान घर लागतं, आणि घर आपल्याकडे आहे. सौदा करायला एवढं पुरे.

भावोजींना इथे एक शंका राहते, आणि ती मलाही आहे. पाहुण्याच्या उपस्थितीचा सौदा म्हणून वापर करणं, त्या सोळा वर्षांच्या मुलाशी प्रामाणिकपणाचं आहे का? त्याला कुणी सांगितलेलं नसतं की तू नववीत जाणाऱ्या एका मुलाच्या फीचं तारण आहेस. माझं उत्तर असं की त्याला सांगावं. या वयाची मुलं तेवढं पेलू शकतात, आणि शाळेतल्या पहिल्याच आठवड्यात त्याला कळलं की आपल्यामुळे शेजारच्या बाकावरचं मूल शाळेत टिकलं, तर त्याला स्टेजवरच्या हारापेक्षा त्याचं मोल जास्त वाटेल. न वाटलं तरी निदान तो खरी शाळा पाहून जाईल.

असे पाहुणे मुळात येतात किती आणि आपली मुलं बाहेर जातात किती, याचे आकडेही पाहायला हवेत. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या सरकारी सर्वेक्षणानुसार भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते, त्यांतले सर्वाधिक, सुमारे २८ टक्के, नेपाळचे. २०२२ साली शिकायला भारताबाहेर गेलेल्यांची संख्या साडेसात लाख होती. शाळांच्या पातळीवरही जाणं जास्त, येणं कमी. तमिळनाडू सरकारनं २०२२ पासून स्पर्धा जिंकणाऱ्या सरकारी शाळांतल्या मुलांना परदेश दौऱ्यांवर पाठवलं, पहिल्या तुकड्यांपैकी एक संयुक्त अरब अमिरातीत गेली. चांगलीच गोष्ट. पण दौऱ्यात मूल चार दिवस बाहेर जातं आणि परत येतं. परतभेट झाली तर ती सरकारी शाळेत व्हायला हवी. तिथे तमिळ खरंच शिकवली जाते, आणि परदेशी मुलाला ज्या भाषेसाठी हजारो मैल यावं लागतं ती तिथे फुकट मिळते. पेरुंगुडीतल्या खासगी शाळेत तो इंग्रजीत आला आणि इंग्रजीतच परत गेला, असं होणं सगळ्यांत सोपं आहे.

भावोजी : सरकारी शाळेत पाहुणा पाठवायला कोण तयार होईल? संस्थाच नाही म्हणतील.

वहिनी : एका वेळी एक. आधी आपल्या शाळेच्या पत्राला उत्तर लिहू.

भावोजी : लिहा. पण माझ्या दोन अटी. पहिली, आपण तीन महिने, बाकीची दोन घरं शाळेनं शोधायची, आणि त्यांतलं एक तमिळ घर असलंच पाहिजे. दुसरी, फीमाफीचा कागद आधी, पाहुणा नंतर.

वहिनी : आधी का? पाहुणा ऑगस्टमध्ये येणार, शाळेचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. आठवीचं मूल मार्चमध्येच शाळा सोडून जातं.

भावोजी : म्हणूनच आधी. मार्चमध्ये ते मूल गेलं तर ऑगस्टमध्ये पाहुण्याच्या गटात कुणाला बसवणार?

वहिनींनी पत्राच्या मसुद्यात फीमाफीचं कलम वर घेतलं. यजमान घरांचं खाली गेलं. फॉर्म सीबद्दलचं वाक्य त्यांनी काढून टाकलं आणि भावोजींनी ते परत घालायला लावलं.